बराकीतला टीव्ही आणि जेलरची मर्जी

२०२५ च्या नोव्हेंबरात बंगळुरूच्या परप्पन अग्रहार मध्यवर्ती कारागृहाच्या आतली काही चित्रणं बाहेर आली आणि राज्यभर गदारोळ उठला. बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणारा उमेश रेड्डी त्यांत मोबाइल हाताळताना दिसत होता, आणि त्याच्या बराकीत टीव्ही होता. दहशतवादी संघटनेसाठी तरुण गोळा केल्याचा आरोप असलेल्या आणखी एका कैद्याच्या हातातही फोन होता. सरकारने मुख्य अधीक्षकांची बदली केली, दोन अधिकाऱ्यांना निलंबित केलं, चौकशी समिती नेमली.

त्या आठवड्यात बंगळुरूतली मराठी माणसं जिथे भेटली तिथे हाच विषय होता. ‘हा तुरुंग आहे की लॉज?’ ‘आमच्या कराच्या पैशातून यांनी टीव्ही बघायचा?’ ‘सगळ्या बराकींतले टीव्ही उचला, म्हणजे तुरुंग काय असतो ते कळेल.’ बोलणारी माणसं सरळ होती, कष्टाने कर भरणारी होती, आणि त्यांच्या रागाला कारण होतं. पण त्या रागातून जी मागणी निघाली ती चुकीची आहे. ती मान्य झाली तर ज्यांच्यावर आपण चिडलो आहोत त्यांचं काहीच बिघडणार नाही, आणि ज्यांचा या प्रकरणाशी संबंध नाही अशी हजारो माणसं भरडली जातील.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कैद्यांना टीव्ही मिळाला पाहिजे. तो बराकीत, सर्वांना मिळून, सरकारी खर्चाने आणि नोंदवहीत लिहून मिळाला पाहिजे. जिथे तो नियमाने मिळत नाही तिथे तो मर्जीने मिळतो, आणि मर्जी विकत घेता येते. खरा घोटाळा तिथे आहे. आता एकेक आक्षेप घेऊ.

सगळ्यात आधी फोन आणि टीव्ही ही दोन प्रकरणं वेगळी करू. त्या चित्रणांवर बोलताना जवळजवळ प्रत्येकाने ‘मोबाइल, टीव्ही’ असं एका दमात म्हटलं. तुरुंगात चोरून आलेला फोन हे हत्यार आहे. त्यावरून साक्षीदाराला धमकावता येतं, खंडणी मागता येते, बाहेरच्या टोळीला हुकूम देता येतो. म्हणून तो गुन्हा आहे, आणि तो आत पोचवणारा कर्मचारीही गुन्हेगार आहे. टीव्हीवरून कुणाला हुकूम देता येत नाही. तो बाहेरचं आत आणतो, आतलं बाहेर नेत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीने टीव्ही-रेडिओला कैद्यांच्या करमणुकीच्या आणि शिक्षणाच्या साधनांत जागा दिली आहे, ती याच फरकामुळे. फोनचा राग टीव्हीवर काढला की फोन आणणारी साखळी मागे पडते, आणि भिंतीवरचा एक डबा काढून टाकल्याचं समाधान तेवढं पदरात पडतं.

दुसरा आक्षेप चैनीचा. तुरुंगात माणूस शिक्षा भोगायला जातो, त्याला करमणूक कशाला?

तुरुंगात कोण असतं ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. जागा होती ४,३६,२६६ माणसांची. म्हणजे शंभरांच्या जागेत १३१. त्या पावणेसहा लाखांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते. त्यांचा खटला चालू होता किंवा सुरूच झाला नव्हता. चारांतल्या तिघांना कुठल्याही न्यायालयाने अजून दोषी ठरवलेलं नव्हतं. १८९४ चा इंग्रजांचा कारागृह कायदासुद्धा हा फरक जाणत होता. कच्च्या कैद्याला स्वतःचं अन्न, कपडे, अंथरूण बाहेरून मागवायची मुभा त्याने दिली. ज्याची शिक्षा अजून ठरलेलीच नाही, त्याच्याबद्दल ‘शिक्षा भोगायला गेलाय’ हे वाक्य आपण कोणत्या आधारावर बोलतो?

आणि उरलेला पक्का कैदी? न्यायालयाने त्याला दिलेली शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. घर, बायको-मुलं, रस्ता, कामधंदा, संध्याकाळी हवं तिथे जायची मुभा हे सगळं त्यात गेलं. त्यापलीकडे काय काय काढून घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाने कुणाला दिलेला नाही, ना जेलरला ना चिडलेल्या जनतेला. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी १९७४ मध्ये आंध्रातल्या कैद्यांच्या एका खटल्यात हे स्पष्ट करून ठेवलं: शिक्षा झाली म्हणून माणसाचे सगळे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. पन्नास वर्षं होऊन गेली. आपण अजून तेच वाक्य नव्याने शिकतो आहोत.

चैन या शब्दाबद्दलही थोडं बोलायला हवं. सांगली जिल्ह्यातल्या विटा-आटपाडी भागातली माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. बंगळुरूच्या नगरथपेटेतही ती आहेत. त्यांतला एक तरुण माझ्या ओळखीचा. त्याच्या दुकानात गाळायला आलेला एक दागिना चोरीचा निघाला आणि पोलिसांनी चोराबरोबर त्यालाही उचललं. चौदा महिने तो कर्नाटकातल्या एका तुरुंगात होता. पुढे निर्दोष सुटला. बराकीतला टीव्ही कसा असतो हे मला त्याच्याकडून कळलं.

बराक लांबट, आत साठ-सत्तर माणसं. संध्याकाळी सहाच्या सुमाराला गिनती होते आणि टाळं पडतं ते सकाळी सहाला उघडतं. बारा तास. त्यात झोप सहा तासांची धरली तरी सहा तास उरतात. ते सहा तास सत्तर माणसांनी एकमेकांच्या श्वासाच्या अंतरावर काढायचे. कुणाला जामीन नाकारलेला असतो, कुणाची बायको माहेरी निघून गेलेली असते, कुणाला नशेची तलफ आलेली असते. टीव्ही भिंतीवर उंच, लोखंडी जाळीच्या पेटीत. रिमोट एका जुन्या कैद्याकडे. टीव्ही चालू असला की निदान सत्तर डोकी एका दिशेला वळलेली असत. बंद पडला की दहा मिनिटांत कुठेतरी शिवीगाळ सुरू होई. ‘टीव्ही बिघडला की वॉर्डरसुद्धा धास्तावायचा,’ तो म्हणाला. दुरुस्तीला माणूस आणायची घाई सगळ्यांत आधी वॉर्डरलाच असे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आत होता. एका संध्याकाळी कन्नड बातम्यांत पुराची दृश्यं लागली. बेळगाव, चिकोडी, अथणी. आणि मध्येच एक पूल. पट्टीवरची अक्षरं त्याला वाचता येत नव्हती, पण पूल त्याने ओळखला. सांगलीचा आयर्विन पूल. पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्याची बहीण सांगलीत, गावभागात दिलेली, अगदी नदीकाठी. घरी फोन करायची त्याची पाळी तीन दिवसांनी होती. ते तीन दिवस तो संध्याकाळ झाली की जाळीच्या पेटीखाली जाऊन बसे, पुन्हा पूल दिसतो का आणि पाणी कुठवर आलंय ते बघायला.

त्या तीन संध्याकाळींना चैन कसं म्हणायचं, ते मला तरी कळत नाही.

आता तिसरा आक्षेप, आणि हा मी सगळ्यांत गंभीर मानतो. ज्यांच्यावर अत्याचार झाला, ज्यांची माणसं मारली गेली, त्यांना काय वाटत असेल? उमेश रेड्डी टीव्हीसमोर बसलेला पाहून त्या घरांतल्या लोकांच्या काळजाला घरं पडली असतील. त्यांच्या दुःखापुढे युक्तिवाद करायचा माझा अधिकार नाही. पण त्यांच्या नावाने दुसरे जो युक्तिवाद करतात त्याला उत्तर द्यायला हवं. त्यासाठी उमेश रेड्डीचंच प्रकरण नीट पाहावं लागेल, कारण त्याचा अर्धा भाग आपण विसरलो आहोत.

१९९८ मध्ये बंगळुरूत झालेल्या बलात्कार आणि खुनाबद्दल त्याला २००६ मध्ये फाशीची शिक्षा झाली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग ती रद्द होऊन जन्मठेप कशी झाली? फाशीची शिक्षा सुनावल्यावर त्याला बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात ठेवलं होतं. मराठी सीमाभागातल्या घराघरांत माहीत असलेला हा तुरुंग. तिथे २००६ पासून २०१६ पर्यंत, दहा वर्षं, त्याला एकांत कोठडीत ठेवण्यात आलं. फाशीची शिक्षा सुनावली म्हणून कैद्याला लगेच एकट्याला कोंडता येत नाही, त्याचे सगळे कायदेशीर मार्ग संपेपर्यंत तर नाहीच नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ च्या सुनील बत्रा खटल्यातच सांगितलं होतं. हिंडलग्यात ते कुणी पाळलं नाही. त्या बेकायदा एकांतवासाचा त्याच्या मनावर झालेला परिणाम लक्षात घेऊन सरन्यायाधीश उदय लळित यांच्या खंडपीठाने नोव्हेंबर २०२२ मध्ये फाशी रद्द केली आणि किमान ३० वर्षं सुटका नाही अशी जन्मठेप दिली.

याचा अर्थ काय होतो? ‘नराधम आहे, सडू द्या एकटा’ या भावनेने तुरुंगाने कायद्याबाहेरची जी क्रूरता केली, तिनेच न्यायालयाने दिलेली शिक्षा मोडली. पीडितांच्या घरांना त्या दहा वर्षांतून काहीही मिळालं नाही. उलट जो निकाल त्यांना न्यायाचा वाटला होता तोच हातातून निसटला. मी फाशीच्या बाजूचा नाही. पण फाशीच्या बाजूने असलेल्या माणसाने तरी या इतिहासापाशी थांबून विचार करावा.

आणि तोच माणूस पुढे बंगळुरूच्या तुरुंगात फोन हाताळताना दिसतो. हिंडलग्यात कायद्याबाहेरचा छळ, परप्पन अग्रहारात कायद्याबाहेरची मोकळीक. वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोन्हींचं मूळ एक: तुरुंगाच्या आत कायदा चालत नाही, तिथल्या माणसांची मर्जी चालते. मर्जी फिरली तर दहा वर्षं अंधार, मर्जी बसली तर हातात फोन. पीडितांच्या बाजूने उभं राहायचं असेल तर या मर्जीविरुद्ध उभं राहावं लागेल. सत्तर जणांच्या बराकीतला टीव्ही काढून त्यांना काही मिळत नाही. त्यांना द्यायचंच असेल तर मार्ग सांगून ठेवलेला आहे. १९९८ मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कैद्याला कामाची रास्त मजुरी द्या आणि त्या मजुरीतला काही भाग गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या भरपाईसाठी बाजूला काढा. कर्नाटकाने २०२२ च्या अखेरीस कैद्यांची मजुरी वाढवली; नव्याने कामाला लागलेल्या पक्क्या कैद्यालाही दिवसाला ५२४ रुपये ठरले. त्यांतला पीडितांचा वाटा वेळेवर आणि मान राखून त्यांच्यापर्यंत पोचतो का, हा प्रश्न विचारणारे आवाज टीव्हीवर संतापणाऱ्यांच्या मानाने फार थोडे आहेत.

मर्जीचा हा बाजार बंगळुरूला नवा नाही. जुलै २०१७ मध्ये कारागृह विभागाच्या तेव्हाच्या उपमहानिरीक्षक डी. रूपा यांनी अहवाल दिला की याच परप्पन अग्रहारात शिक्षा भोगणाऱ्या तमिळनाडूतल्या नेत्या व्ही. के. शशिकला यांच्यासाठी वेगळं स्वयंपाकघर चालतं आणि त्यासाठी दोन कोटींची लाच दिल्याची चर्चा आहे. मुद्रांक घोटाळ्यातला अब्दुल करीम तेलगी, आपल्या सीमाभागातल्या खानापूरचा, याच्या सेवेला कच्चे कैदी जुंपलेले असतात, असंही त्या अहवालात होतं. आरोप झालेल्या वरिष्ठांनी ते नाकारले. काही दिवसांत रूपा यांची बदली वाहतूक विभागात झाली. पुढे निवृत्त सनदी अधिकारी विनय कुमार यांच्या चौकशीत शशिकला यांना खास वागणूक मिळाल्याचं पुढे आलं. ऑगस्ट २०२४ मध्ये खुनाच्या खटल्यातला आरोपी, चित्रपट अभिनेता दर्शन, याच तुरुंगाच्या हिरवळीवर खुर्ची टाकून, हातात कप आणि सिगारेट घेऊन एका गुंडाबरोबर बसलेला छायाचित्रात दिसला. तुरुंगाचे नऊ जण निलंबित झाले, दर्शनला बळ्ळारीला हलवलं. तिथे त्याने टीव्ही मागितला, ती बातमी झाली. आणि मग २०२५.

आठ वर्षांत तीन प्रकरणं. प्रत्येक वेळी प्रश्न एकच विचारला गेला: या माणसाला हे कसं मिळालं? बळ्ळारीच्या त्याच तुरुंगात दर्शनखेरीज जे शेकडो कैदी होते, त्यांच्या बराकीतला टीव्ही चालतो की बंद पडलाय, हे विचारायला कॅमेरा गेला नाही. ज्याच्याकडे पैसा किंवा नाव आहे त्याचा टीव्ही आपल्याला दिसतो, कारण तो चोरून किंवा खास मिळवलेला असतो. बाकीच्यांचा टीव्ही, असलेला किंवा नसलेला, आपल्याला दिसतच नाही. आणि गदारोळानंतर ‘सगळे टीव्ही उचला’ असं आपण म्हणतो तेव्हा उचलला जाणार असतो तो या बाकीच्यांचा. पैसेवाल्याचा परत येईल. त्याची किंमत तेवढी वाढेल, आणि ती वाढीव किंमत ज्याच्या खिशात जाते त्याला आपल्या संतापाने नुकसान होत नाही, फायदा होतो.

आता पैशाचा आक्षेप. ‘आमच्या कराच्या पैशातून’ हे वाक्य फार जड वजन घेऊन येतं, म्हणून ते तागडीत घालून पाहू. पन्नास जणांच्या बराकीसाठी ३२ इंची टीव्ही घेतला, दूरदर्शनच्या फ्री डिशची थाळी आणि पेटी बसवली, तर चौदा हजारांच्या आसपास खर्च येईल. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही. टीव्ही पाच वर्षं चालला असं धरलं तर रोजचे पावणेआठ रुपये. पन्नास वॅटचा टीव्ही दिवसाला दहा तास चालला तर अर्धा युनिट वीज, म्हणजे चार रुपये. दोन्ही मिळून बारा रुपयांच्या आत. पन्नास जणांत वाटले तर माणशी रोज चोवीस पैसे. हा हिशेब माझा आहे. कुणी दुप्पट धरा, तिप्पट धरा. रुपयाच्या आतच राहाल. बराकीत रात्री एक मारामारी झाली तर जखमींना इस्पितळात नेणं, सोबत पोलिस, गुन्हा नोंदवणं, कोर्टाच्या खेपा यांचा खर्च याच्या कितीतरी पट आहे. करदात्याच्या हिताचाच विचार करायचा तर तो टीव्हीच्या बाजूने जातो.

‘मग देणगीतून घ्या ना,’ असं सज्जन माणसं सुचवतात. सेवाभावी मंडळं तुरुंगांना टीव्ही देतात, आणि ते देणाऱ्यांच्या मनाबद्दल मला आदर आहे. पण देणगीचा टीव्ही एकदा येतो. त्याच्यावर फलक लागतो, फोटो निघतो, आणि दोन वर्षांनी तो बिघडला की दुरुस्तीची जबाबदारी कुणाचीच नसते. सरकारने ज्याला कोंडलं त्याची देखभाल सरकारचं कर्तव्य आहे; ते दुसऱ्याच्या दयेवर टाकता येत नाही. शिवाय देणगीचं दार एकदा उघडलं की त्यातून खऱ्या दात्यामागोमाग एखाद्या बड्या कैद्याचा हितचिंतकही आत येतो. ‘बराकीला भेट’ म्हणून आलेला टीव्ही विशिष्ट माणसाच्या खोलीत पोचला, तर कागदावर सगळं ठीक असतं.

‘कैद्यानेच पैसे भरावेत’ हा त्याहून लोकप्रिय उपाय. इंग्लंडमध्ये १९९८ पासून कोठड्यांत टीव्ही देऊ लागले, आणि त्याचं आठवड्याला एक पौंड भाडं कैद्याकडून घेतात. चांगली वागणूक ही त्याची अट असते. अमेरिकेत अनेक तुरुंगांत कैदी तुरुंगाच्या दुकानातून स्वतःचा टीव्ही विकत घेतो. आत काही लपवता येऊ नये म्हणून त्याचं कवच पारदर्शक प्लास्टिकचं असतं. मग आपल्याकडे का नको? कारण आपल्याकडे कोठडी नाही, बराक आहे. तिथे भाडं भरलेल्या वीस जणांनी बघायचं आणि न भरलेल्या तीस जणांनी डोळे मिटून घ्यायचे, असं होत नाही. भरणारे मालक होतात, न भरणारे त्यांचे नोकर. माझ्या गलाईवाल्या मित्राच्या बराकीत टीव्हीसमोरची झोपायची जागा आधीच पैशाने जात होती. त्यावर सरकारी भाड्याचा शिक्का मारला तर ती दादागिरी अधिकृत होईल. दुसरं, कच्च्या कैद्याला सक्तीचं काम नाही, म्हणून मजुरीचा आधारही नाही. त्याचा पैसा म्हणजे घरून आलेली मनीऑर्डर. ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात मजुरी करते तिच्याकडून आपण टीव्हीचं भाडं मागणार?

आणि खरं म्हणजे कैदी आजही भरतोच आहे. तुरुंगातल्या कॅन्टीनमध्ये तो बिस्किटं, साबण, लोणचं घेतो. तिथला नफा बंदी कल्याण निधीत जावा, असा नियमावल्यांचा रोख आहे. हा निधी त्या मनीऑर्डरींतूनच उभा राहतो. टीव्हीची दुरुस्ती, थाळीची डागडुजी, खेळाचं साहित्य यांसाठी तो वापरावा, यात काही गैर नाही. सगळ्यांच्या खरेदीतून जमलेला पैसा सगळ्यांच्या टीव्हीला. पण त्याचा जमाखर्च दर वर्षी जाहीर व्हायला हवा, बराकीच्या दारावर लावायला हवा. आत किती आले आणि कशावर गेले हे पैसे देणाऱ्याला कळू नये, याला कोणताही शहाणा करदाता मान्यता देणार नाही.

शेवटचा आक्षेप सुशिक्षितांचा: टीव्हीवर असतं तरी काय? मालिका आणि आरडाओरडा. त्यापेक्षा पुस्तकं द्या.

पुस्तकं जरूर द्या, आणि ती देताना आठवण ठेवा की तीही कुणी सहजासहजी दिलेली नाहीत. प्रभाकर संझगिरी भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचं पुस्तक मराठीत लिहिलं. हस्तलिखित बाहेर पाठवायला सरकारने नकार दिला. अणूवरच्या पुस्तकाने देशाच्या सुरक्षेला काय धोका होणार होता? ते भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९६५ मध्ये न्यायालयाने सरकारचं म्हणणं फेटाळलं: स्थानबद्धतेच्या अटींत ज्याची मनाई नाही ते करायला माणूस मोकळा आहे. लिहिण्याची मुभा ही तुरुंगाने केलेली मेहेरबानी नव्हे. आज टीव्हीला जे म्हटलं जातं, तुरुंगात हे कशाला, ते त्या काळी वहीला म्हटलं गेलं होतं.

बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये गेलात तर शहराच्या जुन्या मध्यवर्ती तुरुंगाचा टेहळणी मनोरा आणि बराकी अजून उभ्या दिसतील. आणीबाणी लागली तेव्हा संसदीय समितीच्या बैठकीसाठी या शहरात आलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी आणि लालकृष्ण अडवाणी २६ जून १९७५ ला पकडले गेले आणि याच तुरुंगात आले. प्रमिलाताई दंडवते येरवड्यात होत्या. बंगळुरूच्या तुरुंगातून येरवड्याच्या तुरुंगात नवराबायकोची पत्रं जात होती. तुरुंगात पत्र, पुस्तक, बातमी यांचं मोल काय असतं, हे ज्यांना वाचता-लिहिता येतं त्यांनी आपल्याला सांगून ठेवलं आहे. पण देशातल्या कैद्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा निरक्षर आहे, आणि बहुतेकांची शाळा दहावीच्या आत सुटलेली आहे. त्यांच्यासाठी बातमी टीव्हीवरच येते. पावसाची, निवडणुकीची, नव्या कायद्याची, गावच्या पुराची. ज्याला वाचता येतं त्याने ज्याला येत नाही त्याला ‘पुस्तक वाच’ म्हणून टीव्ही काढून घ्यावा, हा न्याय नव्हे. आणि मालिका? दिवसभर राबून घरी आलेला आपल्यातला कोण त्या बघत नाही?

तेव्हा ‘टीव्ही उचला’ या मागणीच्या जागी माझ्या मागण्या या आहेत. प्रत्येक बराकीत एक टीव्ही, सरकारच्या पैशाने घेतलेला, त्याला क्रमांक आणि नोंदवहीत ओळ. एकट्याच्या खोलीत टीव्ही नाही. आजारपणामुळे किंवा सुरक्षेसाठी कुणाला वेगळं ठेवलं असेल तर लेखी कारणासह, आणि ते कारण तपासायला येणाऱ्या न्यायाधीशांना दाखवण्याच्या अटीवर. रिमोट आणि वेळापत्रक कुणा दादाकडे न राहता ठरलेल्या पाळीने, आणि त्यात कन्नडबरोबर बराकीत ज्या भाषांची माणसं असतील त्या भाषांना जागा. बेशिस्तीबद्दल टीव्ही बंद करायचा तर लेखी आदेशाने आणि ठरावीक दिवसांसाठी. वर्षाचा खर्च जाहीर. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. मर्जीचा अधिकार मात्र सोडावा लागतो, आणि सगळा विरोध तिथून येईल.

हे झालं तर पुढच्या वेळी एखाद्या बड्या कैद्याच्या खोलीतला टीव्ही चित्रणात दिसेल तेव्हा वाद घालायची गरज उरणार नाही. नोंदवही उघडायची. क्रमांक नसेल तर तो आणणाऱ्याचा शोध घ्यायचा.

त्या गलाईवाल्या तरुणाला मी विचारलं होतं, तीन दिवस बातम्याच कशा लागू दिल्या बराकीने? तो म्हणाला, दुसऱ्या संध्याकाळी पूल दिसला तेव्हाच नेमकी सिनेमाची वेळ झाली होती आणि मागून ओरडा सुरू झाला. रिमोट असलेल्या जुन्या कैद्याने याच्याकडे पाहिलं. याला कन्नड धड येत नव्हतं, त्याला मराठी अजिबात येत नव्हतं. याने पडद्याकडे बोट केलं आणि एवढंच म्हणाला, ‘अक्का.’ म्हातारा मागे वळून म्हणाला, ‘इरली.’ असू दे. त्या रात्री टाळं पडलेल्या बराकीतली साठ-सत्तर माणसं, त्यांतल्या बहुतेकांनी सांगली कधी पाहिलेली नव्हती, एका अनोळखी बाईच्या गावातलं पाणी उतरतं का ते बघत बसली. चौथ्या दिवशी फोनची पाळी आली. बहीण सुखरूप होती.